भूल की तालीम? : स्वसंमोहनाविषयी औशातील एक संवाद

स्वसंमोहन म्हणजे माणसाने स्वतःच दिलेल्या सूचनांच्या आधारे शरीर सैल करणे, लक्ष एका ठिकाणी स्थिर करणे आणि त्या एकाग्र अवस्थेत एखादे इष्ट वर्तन मनापुढे पुनःपुन्हा उभे करणे. ही झोप नसते आणि बेशुद्धीही नसते. भोवतालचे आवाज ऐकू येत असतात, उठावेसे वाटले तर उठता येते, फक्त इतर विचारांची गर्दी काही काळ ओसरलेली असते. तरीही 'संमोहन' हा शब्द उच्चारताच मोहिनीविद्या, रंगमंचावरील जादूगार आणि त्याच्या इशाऱ्यावर हातवारे करणारे प्रेक्षक डोळ्यांपुढे येतात, आणि उपचारातील त्याचे साधे, मर्यादित स्थान झाकले जाते. महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक पदर आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतील एक अग्रणी श्याम मानव यांनी स्वसंमोहन आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळा दीर्घकाळ घेतल्या. म्हणजे ज्या चळवळीने बुवाबाजीवर प्रहार केले, तिच्याच अंगणातून हे तंत्र सामान्य मराठी माणसापर्यंत पोहोचले.

लातूरपासून सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या औशात या तंत्राचा विचार करण्यास सबळ कारणे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने ज्या किल्लारीचे नाव जगभर पोहोचवले, ते गाव याच तालुक्यातले. दहावी-बारावीच्या निकालांनी गाजलेला 'लातूर पॅटर्न' आणि त्यातून वाढलेली 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या शिकवण्यांची बाजारपेठ येथून हाकेच्या अंतरावर. आणि पावसाने पाठ फिरवली, की कोरडवाहू सोयाबीन-तुरीवर काढलेले कर्ज घराघरात बोलू लागते. आघातातून उरलेली भीती, परीक्षेचा ताण आणि पोटापाण्याची विवंचना ही तीन वेगळ्या जातीची ओझी आहेत, आणि एकच तंत्र तिन्हींवर चालेल काय, हाच पुढील संवादाचा विषय आहे. संवादातील 'ताई' ही समुपदेशिकेची आणि 'गुरुजी' ही निवृत्त विज्ञान-शिक्षकाची भूमिका प्रातिनिधिक आहे. त्यांनी आधार म्हणून घेतलेल्या घटना व संशोधने मात्र प्रत्यक्षातील आहेत.

सूचनेचे सामर्थ्य

गुरुजी : ताई, आक्षेप अगदी प्राथमिक आहे. डोळे मिटून स्वतःला चार चांगल्या गोष्टी सांगितल्याने माणूस बदलत असेल, तर मराठवाड्यातल्या देव्हाऱ्यांपुढे आणि मांत्रिकांच्या दारांत पिढ्यानपिढ्या जे चालत आले, त्यात आणि तुमच्या उपचारात फरक कोणता? शब्द संस्कृत झाला म्हणून गोष्ट शास्त्रीय होत नाही.

ताई : गुरुजी, आपणच शाळेत भानामतीचा उलगडा मुलांना काय म्हणून करत होता? गावात एका बाईला झटके येऊ लागले, की काही दिवसांत दुसरीला, तिसरीला येतात; त्यामागे कोणी केलेली करणी नसून भीती, अपेक्षा आणि एकमेकींकडून नकळत घेतलेली सूचना असते, हेच निर्मूलनाचे कार्यकर्ते मराठवाड्यात सांगत फिरले. सूचना माणसाच्या शरीराला झटके देऊ शकते हे मान्य असेल, तर तीच सूचना श्वास संथ करू शकते, हे अमान्य करण्यास आधार राहत नाही.

गुरुजी : सूचनेचे सामर्थ्य अमान्य नाही, तिच्यावर ताबा कोणाचा, हा प्रश्न आहे. अंगात आलेल्या बाईलाही आपण काही करत आहोत असे वाटत नाही, ते आपोआप घडते असेच वाटते. संमोहित माणसाचा अनुभवही तसाच सांगितला जातो.

ताई : साम्य खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. दोन्हींत लक्ष अतिशय केंद्रित होते आणि क्रिया आपोआप घडल्यासारखी भासते. परंतु अंगात येणाऱ्या व्यक्तीला त्या घटनेचे कर्तृत्व बाहेरच्या शक्तीला द्यावे लागते आणि तिचा अर्थ दुसराच कोणी लावतो. स्वसंमोहनात कर्तृत्व, सूचनेचा मजकूर आणि थांबण्याचा अधिकार हे तिन्ही त्या माणसाकडेच राहतात. औशाच्या नाथ संस्थानातील चक्रीभजनातही लय आणि आवर्तन यांतून तल्लीनता येते, पण तिला कोणी उपचार म्हणत नाही, कारण तिचा हेतू भक्तीचा आहे. एकाग्रता ही मनाची सर्वसाधारण क्षमता आहे. ती कोणत्या कामाला लावली, यावरून तिचे नाव ठरते.

गुरुजी : मग इतिहासही पाहू. फ्रांत्स मेस्मर याने अठराव्या शतकात 'प्राणिज चुंबकत्वा'च्या नावाखाली पॅरिस वेडे केले. १७८४ साली राजाने नेमलेल्या आयोगाने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते, प्रयोग करून ठरवले, की असे कोणतेही चुंबकत्व अस्तित्वात नाही आणि परिणाम कल्पनेचा आहे. प्रकरण तेथेच संपायला हवे होते.

ताई : आयोगाने चुंबकत्व नाकारले, परिणाम नाकारला नाही, आणि 'कल्पनेचा परिणाम' हाच पुढे अभ्यासाचा विषय ठरला. जेम्स ब्रेड या शल्यविशारदाने १८४३ मध्ये चुंबकत्वाची भाषा टाकून लक्षाच्या एकाग्रतेची भाषा आणली आणि निद्रेसाठीच्या ग्रीक शब्दावरून 'हिप्नॉटिझम' ही संज्ञा रूढ केली, जरी ती अवस्था निद्रा नव्हती. भारतातही १८४५ पासून बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या डॉक्टराने याच मार्गाने रुग्णांना गुंगीत नेऊन मोठ्या शस्त्रक्रिया केल्या.

गुरुजी : आणि १८४६ नंतर ईथर व पाठोपाठ क्लोरोफॉर्म आले तेव्हा ती पद्धत मागे पडली, कारण औषधाची भूल कोणावरही चालते आणि शब्दांची भूल काहींवरच चालते. यातून धडा असा, की संमोहन तेथेच टिकते जेथे अधिक खात्रीचे साधन अद्याप पोहोचलेले नसते.

ताई : 'काहींवरच चालते' हे अचूक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९ मध्ये वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी संमोहनक्षमता मोजण्याची श्रेणी तयार केली. तिच्यावरून दिसते, की सुमारे १० ते १५ टक्के लोक संमोहनाला अतिशय सहज प्रतिसाद देतात, जवळजवळ तितकेच लोक फारच थोडा देतात आणि उरलेले मध्ये कोठेतरी असतात. म्हणून प्रत्येकाला त्याचा सारखाच उपयोग होईल, असे आश्वासन देणारा समुपदेशक विश्वासार्ह मानू नये.

आत्मविश्वास येतो कोठून?

गुरुजी : आत्मविश्वासाचा मुद्दा घ्या. फ्रान्समधील औषधविक्रेता एमिल कुए याने विसाव्या शतकाच्या आरंभी रोज ठरावीक वेळा एकच आशादायक वाक्य पुटपुटण्याची पद्धत लोकप्रिय केली, आणि आज भिंतीवर चिकटवलेली 'यश माझेच आहे' छापाची वाक्ये तिचीच नातवंडे आहेत. अशी वाक्ये घोकणाऱ्या मुलाला अभ्यास केल्याचे खोटे समाधान मिळते.

ताई : या बाबतीत संशोधन आपल्या बाजूने बोलते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की ज्यांचे स्वतःविषयीचे मत आधीच खालावलेले आहे, त्यांनी स्वतःची स्तुती करणारे वाक्य उच्चारले, की त्यांना बरे वाटण्याऐवजी अधिक वाईट वाटते. कारण स्पष्ट आहे : वाक्य आणि अनुभव यांतील अंतर मोठे असेल, तर मन वाक्याचा प्रतिवाद सुरू करते. म्हणून उपचारातील सूचना स्तुतीची नसते, कृतीची असते. 'पहिला नंबर येईल' ही सूचना निरुपयोगी आणि 'पेपर हातात पडला, की पाय जमिनीवर टेकलेले जाणवतील, तीन श्वास संथ होतील आणि नजर आधी ओळखीच्या प्रश्नाकडे जाईल' ही उपयोगी. 'घाबरणार नाही' हेही टाळतात, कारण त्या वाक्यातला ठळक शब्द भीती हाच असतो.

गुरुजी : तरीही ती कल्पनाच. 'नीट'सारख्या ७२० गुणांच्या परीक्षेत जीवशास्त्राचा धडा वाचलेला नसेल, तर श्वास संथ झाला तरी उत्तर कोठून येणार?

ताई : येणार नाही. आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली 'स्वक्षमताबोधा'ची संकल्पना येथे नेमकी लागू पडते. स्वक्षमताबोध म्हणजे विशिष्ट काम आपल्याला जमेल असा माणसाचा स्वतःविषयीचा अंदाज. बंडुरांनी त्याचे चार स्रोत सांगितले आहेत. पहिला आणि सर्वांत बळकट स्रोत काम प्रत्यक्ष पार पाडल्याचा अनुभव, दुसरा आपल्यासारख्याच कोणाला ते जमल्याचे पाहणे, तिसरा विश्वासाच्या माणसाने दिलेला धीर आणि चौथा आपल्या शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ, म्हणजे छाती धडधडली तर ती तयारी समजावी की पराभवाची चाहूल. स्वसंमोहन चौथ्या स्रोतावर थेट काम करते, तिसऱ्याची जागा अंशतः घेते आणि पहिल्याची केवळ मनातल्या मनात तालीम करून घेते. पहिल्या स्रोताला ते पर्याय होऊ शकत नाही.

गुरुजी : म्हणजे नाटकाची तालीम आणि नाटकाचा प्रयोग यांतील फरक तुम्ही मान्य करता. तालमीत टाळ्या मिळत नाहीत.

ताई : आणि तालमीवाचून थेट प्रयोगाला उभा राहणारा नट क्वचितच तरतो. ज्या मुलाची तयारी झालेली आहे, पण सराव परीक्षेत हात थरथरतात म्हणून येत असलेली उत्तरे चुकतात, त्याच्यासाठी ही तालीम आहे; ज्याची तयारीच नाही त्याला वेळापत्रक हवे, संमोहन नव्हे.

पुरावा आणि त्याचे वजन

गुरुजी : तालीम उपयोगी असल्याचा पुरावा काय? समुपदेशकाचे समाधान हा पुरावा होत नाही.

ताई : अर्व्हिंग कर्श आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे चुकीच्या विचारसवयी ओळखून त्या बदलण्याचा आणि टाळलेल्या कृती टप्प्याटप्प्याने करून पाहण्याचा उपचार, एकटा दिल्यास जो परिणाम दिसतो, त्यापेक्षा त्याला संमोहनाची जोड दिल्यास अधिक परिणाम दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. आतड्यांच्या एका चिवट विकारात पीटर व्होरवेल यांनी मँचेस्टर येथे १९८४ मध्ये संमोहनोपचाराची चाचणी घेतली आणि २००८ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने, औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी त्याचा विचार करण्यास संमती दिली.

गुरुजी : यातले बरेचसे अभ्यास तज्ज्ञाने दिलेल्या संमोहनाचे आहेत, घरी एकट्याने केलेल्या स्वसंमोहनाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिवाय ही निव्वळ अपेक्षेची किमया असल्याची शंका उरतेच.

ताई : पहिला मुद्दा मान्य. म्हणूनच स्वसंमोहन आधी तज्ज्ञाकडून शिकायचे, त्याच्यासमोर करून पाहायचे आणि मगच घरी न्यायचे, असा क्रम असतो. दुसऱ्या मुद्द्यावर कर्श यांचेच मत उद्बोधक आहे : रुग्णाला न फसवता अपेक्षेचा उपयोग करून घेण्याचा मार्ग म्हणूनच त्यांनी संमोहनाकडे पाहिले. साखरेची गोळी औषध म्हणून द्यायची तर खोटे बोलावे लागते. येथे माणसाला सगळे उघड सांगूनही परिणाम साधता येतो.

गुरुजी : हे उत्तर प्रामाणिक आहे, पण मग 'अंतर्मनाची अफाट शक्ती' वगैरे जाहिरातींतील भाषा आधी खाली ठेवायला हवी.

ताई : ती ठेवलेलीच बरी. प्रत्यक्ष तंत्रात अफाट असे काही नसते. शांत जागी पाठीला आधार देऊन बसायचे. नजर एका बिंदूवर ठेवून पापण्या जड झाल्या की मिटू द्यायच्या. कपाळापासून तळव्यांपर्यंत एकेक स्नायूगट आधी आवळून मग सैल सोडायचा, ज्याची पद्धत एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली. मग दहापासून एकपर्यंत उलटे मोजत जिन्याच्या पायऱ्या उतरल्याची कल्पना करायची. त्या स्थितीत आधीच लिहून ठेवलेली एकच सूचना काही वेळा मनात म्हणायची, ती कृती क्रमाने घडताना पाहायची, त्याच वेळी अंगठा आणि तर्जनी जुळवायची, म्हणजे पुढे परीक्षागृहात ती बोटे जुळवली की ही अवस्था आठवते. शेवटी एकपासून पाचपर्यंत मोजत पूर्ण जागे व्हायचे. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात. वाहन चालवताना, मोटार किंवा मळणीयंत्रावर काम करताना हे करायचे नाही.

जेथे थांबावे

गुरुजी : आता किल्लारीकडे वळू. पहाटे चारच्या सुमारास दगड-मातीची जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, जवळपास दहा हजार माणसे गेली. त्या माणसांना घरे हवी होती, मजबूत बांधकाम हवे होते. तेथे सूचना देत बसणे हा क्रूर विनोद झाला असता.

ताई : घरे उभी राहिली, भीती घरांबरोबर नवी होत नाही, जुनीच सोबत येते. म्हणूनच भूकंपानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बाधितांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी त्याचे नेतृत्व केले. आपत्तीनंतरच्या मदतीत मनाचाही विचार हवा, ही जाणीव त्यातून पुढे आली. मात्र आघाताच्या बाबतीत स्वसंमोहनाची मर्यादा अतिशय कडक आहे. डोळे मिटून एकट्यानेच त्या पहाटेकडे परत जाण्याचा प्रयत्न घातक ठरू शकतो. आघातकेंद्रित बोधात्मक उपचारासारखे मार्ग जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सुचवले आहेत. त्यांच्या जोडीला झोपेपूर्वी शरीर शांत करण्यापुरतेच स्वसंमोहन ठेवावे. संमोहनातून 'विसरलेल्या' आठवणी बाहेर काढण्याचा मोह तर पूर्ण टाळावा, कारण अशा अवस्थेत चुकीची आठवण तयार होते आणि तिच्याविषयीची खात्रीही वाढते.

गुरुजी : आणि शेतकरी? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. तेव्हा कोणी लोकांना 'तहान लागलेली नाही' असे स्वतःला सांगा म्हटले असते, तर आपण दोघांनीही त्याचा निषेध केला असता. ज्या दुःखाचे कारण बाजारभावात, पीकविम्यात आणि सावकारात आहे, त्याचा इलाज माणसाच्या मनात शोधणे म्हणजे दोष त्याच्याच माथी मारणे.

ताई : या आक्षेपाला प्रत्युत्तर नाही, फक्त पुस्ती आहे. ताणाला तोंड देण्याचे दोन प्रकार मानसशास्त्र सांगते : समस्येला भिडणारे आणि समस्येने उठवलेल्या भावनेला आवरणारे. कारण बदलता येत असेल, तेथे पहिला प्रकार आधी हवा. परंतु बँकेत पुनर्गठनाचा अर्ज भरायला, विम्याच्या दाव्यासाठी कचेरीत उभे राहायला, घरात कर्जाचा खरा आकडा सांगायलाही मन थाऱ्यावर लागते. तेवढे थाऱ्यावर आणणे, हा दुसऱ्या प्रकाराचा रास्त उपयोग. जगण्याची इच्छाच मावळली असेल, तर मात्र स्वसंमोहनाचा विषयच काढू नये; तेथे डॉक्टर आणि माणसांची सोबत तातडीने हवी. भास होणाऱ्या, तीव्र उन्मादाच्या अवस्थेतील किंवा स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणाऱ्या रुग्णांनीही हे तंत्र मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून वापरू नये.

गुरुजी : मग शेवटची अट. शिकवणारा कोण आहे, हे कसे ओळखायचे? शनिवार-रविवारच्या शिबिराचे प्रमाणपत्र लावून बसलेला कोणीही 'संमोहनतज्ज्ञ' होतो.

ताई : कसोटी सोपी आहे. तो मुळात मान्यताप्राप्त मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे काय. आधी आजाराची नीट चौकशी करतो काय. चालू औषधे बंद करायला सांगत नाही ना. आणि काही आठवड्यांत रुग्ण त्याच्यावाचून हे करू शकेल, असे त्याचे उद्दिष्ट आहे काय. जो स्वतःची गरज संपवत नाही, त्याच्यात आणि मांत्रिकात फरक उरत नाही.

गुरुजी : या अटींवर विरोध मागे घेता येतो, शंका मात्र राहील.

ताई : ती राहावीच, गुरुजी. शंका विचारणारा माणूस सूचनेच्या आहारी जात नाही.

निष्कर्ष

या संवादात गुरुजींचे दोन आक्षेप अखेरपर्यंत अबाधित राहतात : तयारीची उणीव आणि परिस्थितीचा अन्याय यांवर स्वसंमोहन हा उपाय नाही. ताईंचा एक दावाही अबाधित राहतो : तयारी आहे आणि कृती शक्य आहे, पण शरीराची घाबरगुंडी वाट अडवते, तेथे तज्ज्ञाकडून शिकलेले आणि मुख्य उपचाराला जोडलेले स्वसंमोहन उपयोगी ठरू शकते. त्याचे मोल अवस्था किती खोल गेली यावरून ठरत नाही. डोळे उघडल्यावर माणसाने त्या दिवशी काय केले, म्हणजे टाळलेली सराव परीक्षा दिली काय, भूकंपाच्या भीतीने टाळलेल्या बंद खोलीत झोपून पाहिले काय, कचेरीची पायरी चढली काय, यावरून ते ठरते. दहा मिनिटांच्या तालमीनंतर एकही लहानसा प्रयोग होत नसेल, तर ती तालीम नव्हे, भूल आहे, आणि ती थांबवावी.

ज्यांना तज्ज्ञ कोठे शोधावा हा प्रश्न पडतो, त्यांच्यासाठी लातूर आणि नांदेड या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक औशातूनही रात्री-अपरात्री लावता येतो.